लस घ्यायला आम्हीही कचरलो होतो

"नर्स-डॉक्टरच कोरोनाची लस घ्यायला घाबरत होते, मग आम्ही का घ्यायची?" काल एका ओळखीच्यांनी हे पुन्हा ऐकवलं. झोंबलं, कारण घाबरणाऱ्यांत मीही होते.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि पहिला नंबर आमचा, आरोग्य कर्मचाऱ्यांचा. यादीत नाव असूनही मी दोनदा टाळलं. एकदा ड्यूटीचं कारण सांगितलं, एकदा सर्दीचं. खरं कारण भीती. लस एवढ्या लवकर आली कशी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन लसींपैकी कोव्हॅक्सिनच्या तर तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निष्कर्ष यायचे होते, ती घेताना संमतीपत्रावर सही करावी लागे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी 'आम्हाला कोविशिल्ड द्या' असं लेखी कळवलं होतं. ते काय अडाणी होते?

आमच्यातल्या एका नव्यानं लग्न झालेल्या सिस्टरने बैठकीत घाबरत विचारलं, "सर, याने मूल होण्यात अडचण येते का?" उत्तर मिळालं, "शिकलेल्या असून व्हॉट्सअॅपवर विश्वास ठेवता?" हॉल हसला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. लसही फारशी कुणी घेतली नाही.

मग आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम चहाच्या वेळी ड्रेसिंग रूमच्या बाकावर येऊन बसल्या. कोविशिल्डमधला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, पेशीला कोरोनाच्या काट्याची (विषाणूवरच्या प्रथिनाची) फक्त ओळख करून देतो, गर्भाशयाशी त्याचा संबंध नाही, हे त्यांनी वहीत चित्र काढून समजावलं. संरक्षण किती महिने टिकेल, यावर म्हणाल्या, "ते अजून कुणालाच माहीत नाही." त्या वाक्याने माझा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी मी लस घेतली. रात्री ताप आला, पॅरासिटामॉल घेतली, सकाळी ड्यूटीवर हजर.

मार्चमध्ये साठीपुढची माणसं येऊ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, तुम्ही घेतली का?" मी तापासकट सगळं सांगायची. बाह्या वर करून बसायची माणसं.

आणि मग कोविशिल्डच्या दोन डोसमधल्या अंतराचा घोळ. आधी २८ दिवस, मार्चअखेर सहा ते आठ आठवडे, मे महिन्यात थेट बारा ते सोळा. ही शेवटची बातमी आम्हाला टीव्हीवरून कळली. सकाळी दारात म्हातारी माणसं उभी, "लस संपली म्हणून तारीख वाढवली ना?" अंतर वाढवल्याने कोविशिल्डचा परिणाम चांगला दिसतो, असं संशोधन होतं, पण ते मला महिन्याभराने कळलं. त्या सकाळी मी नुसतं "वरून आदेश आहे" म्हणाले. एक आजोबा काठी टेकत परत गेले, ते जूनमध्येही आले नाहीत. आशाताई दोनदा घरी जाऊन आल्या.

पुढच्या लसीच्या वेळी परिपत्रकाच्या आधी आमच्याकडे माणूस पाठवा. आमच्या आशाताईंसोबत, एएनएमसोबत (उपकेंद्रातल्या नर्ससोबत) तासभर बसणारा, मूर्ख वाटणारे प्रश्नही न हसता ऐकणारा. आणि मोहीम सुरू व्हायच्या आधी पाठवा, नंतर नको.