खुलासा: दीनबंधू अँड्र्यूज आणि ‘दीनबंधू’ वर्तमानपत्र

जळगाव-धुळे-अमळनेरच्या ग्रुपवर गांधीजींचे इंग्रज मित्र, पाद्री सी. एफ. अँड्र्यूज यांच्या स्मरणाचा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, त्यांनी ‘दीनबंधू’ वर्तमानपत्र काढलं आणि १९१४ मध्ये ख्रिस्ती धर्म सोडला. दोन्ही चूक.

‘दीनबंधू’ सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलं. अँड्र्यूज यांचा जन्म १८७१ चा, म्हणजे तेव्हा ते इंग्लंडात जेमतेम सहा वर्षांचे! ‘दीनबंधू’ ही त्यांची नंतरची पदवी. नाव एकच असल्याने घोळ झाला.

धर्माचं जरा बारकाईने पाहावं लागतं. जानेवारी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. गोरे खवळले. त्याच वर्षी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) पाद्री म्हणून विधी करणंही त्यांनी थांबवलं, कारण काही मतं त्यांना पटेनात. धर्मांतराची कथा इथूनच निघाली असावी. पण श्रद्धा सुटली नव्हती: १९३२ मध्ये ख्रिस्ताचं आपल्यावरचं ऋण सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं, आणि ५ एप्रिल १९४० ला गेल्यावर कोलकात्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं.

गांधीजींच्या मैत्रीचा भाग खरा आहे, गांधीजी अँड्र्यूजना ‘चार्ली’ म्हणत. तेवढा ठेवा. जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.