ड्रिल मारण्याआधी : ब्रिजच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नाही, म्हणून भाऊच म्हणतो. जुन्या घडणीच्या, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर छापाच्या इलेक्ट्रिक गिटारला ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) आणि ट्युनर (तारा पिळायच्या चाव्या) कसे शोधायचे, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ऑनलाइन हजार रुपयांत अख्खा ब्रिज भेटते. भोकं जुळत नसन तर ड्रिल मारायचा. मी मारला, मस्त वाजून राहिली. पाऊण मिलिमीटरसाठी एवढं पुराण काहून? विंटेजच्या नावानं पोट्ट्यायले बाहेरदेशातलं महागडं सामान घ्याले लावून राहिले."

पैशाचा आरोप आधी घेतो, तो लवकर निकालात निघतो. लेखातली यादी पुन्हा एकदा पाहा. टोनचा कपॅसिटर (नॉबने आवाज दबवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) मी नागपूरच्या बर्डीवरून घ्यायला सांगितला आहे. मोदी नंबर ३ च्या गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे गिटारचं नावही काढू नका, नुसतं '४७३' मागा. ०.०४७ मायक्रोफॅरॅड, काही रुपयांत काम होतं. १९५४ मध्ये निघालेल्या सुरुवातीच्या स्ट्रॅटसारखा टोन हवा असेल तर '१०४', म्हणजे ०.१. नॉब खाली आणला की आवाज जास्तच दबतो. मला तो आवडतो, कोणाला चिखल वाटतो. सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी पट्टी) उंचीचे स्क्रू इतवारीत लोहाओळीत मिळतात, ग्रब स्क्रू म्हणून मागायचे. फक्त आटे तपासा. आशियात बनलेल्या गिटारना बहुतेक वेळा एम-थ्री हा मेट्रिक आटा लागतो, अमेरिकी फेंडरला ४-४० हा इंची आटा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा स्क्रू एक-दोन फेऱ्या जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की सॅडल कामातून गेलं.

आणि सगळ्यात महाग वस्तू, पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबक आणि कॉइल), ती तर मी घेऊच नका म्हणालो होतो. जुन्या नमुन्याच्या पिकअपमधले सहा चुंबक मुद्दाम वरखाली असतात. ती उंची ठरली तेव्हा तिसरी तार, म्हणजे जी, ही गुंडाळलेली जाड तार असायची. आज आपण सगळे साधी जी लावतो, आणि उंच चुंबकावर तिचा आवाज बाकीच्या तारांच्या डोक्यावर बसतो. चुंबक दाबून खाली करावा म्हटलं तर कॉइलची तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. ती केसासारखी बारीक, तुटली की पिकअप मुका. असं सामान मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही. बाहेरून मागवायच्या यादीत फक्त ब्रिज आणि ट्युनर होते, तेही नागपुरात मापाचे मिळत नाहीत म्हणून.

आता ड्रिल. तुमचा पाऊण मिलिमीटर बरोबर आहे. जुन्या मापाच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजला पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर ५६.४ मिलिमीटर असतं. अरुंद मापात ते ५२.४ च्या आसपास येतं. सहा स्क्रूंमध्ये पाच अंतरं, एकात ११.३, दुसऱ्यात १०.५. फरक पाऊणच. पण तो साठत जातो. मधले दोन स्क्रू जेमतेम ०.४ ने चुकतात, पुढचे दोन १.२ ने आणि कडेचे दोन जवळजवळ २ मिलिमीटरने. स्क्रूचं भोक असतं साधारण तीन मिलिमीटरचं. म्हणजे कडेचं नवं भोक जुन्या भोकाच्या अर्ध्या पोटात पडतं, आणि ड्रिलचा बिट अशा वेळी सरळ जात नाही. तो मोकळ्या बाजूला, म्हणजे जुन्या भोकात, घसरतो. स्क्रू तिरपा बसतो आणि त्याच्या एका अंगाला लाकूडच उरत नाही.

'वाजून राहिली' हे मला पूर्ण मान्य आहे. वाजणारच. स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवला तर वर्षानुवर्षं वाजेल. पण १०-४६ जाडीच्या तारांचा एकूण ताण ४५ किलोच्या घरात असतो. त्या ताणाला तोलायला मागून स्प्रिंगा ओढतात, आणि या ओढाताणीत ब्रिज ज्याच्यावर कलतो ते हेच सहा स्क्रू. ट्रेमोलोचा (ब्रिज कलवून सूर हलवायचा) दांडा दाबून सोडला की ब्रिज मूळ जागी यायला हवा. कडेचा स्क्रू लाकडात केसभर जरी हलला तरी तो जवळपास येतो, जागेवर येत नाही. मग आपण दोष तारांना देतो, नटला (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) देतो, ट्युनरला देतो, आणि ट्युनर बदलायला निघतो.

दुसरं म्हणजे तारांची रुंदी. रुंद ब्रिज अरुंद नेकच्या गिटारला बसवला तर दोन्ही ई, म्हणजे कडेच्या, तारा फ्रेटबोर्डच्या काठावर येतात, आणि वरच्या फ्रेटवर बारीक ई ओढली की ती खालीच उतरते. हे कुठल्याही ड्रिलने सुधारत नाही. शिवाय ब्लॉक. ब्रिजखालचा धातूचा ठोकळा पूर्ण जाडीच्या बॉडीसाठी केलेला असेल आणि तुमची गिटार सडपातळ बॉडीची असेल, तर तो मागून बाहेर डोकावतो आणि मागचं झाकण बसत नाही. विकणारा 'विंटेज स्टाइल, युनिव्हर्सल फिट' एवढंच लिहितो. हे 'युनिव्हर्सल' ज्याने शोधलं, त्याने वर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) कधी हातात धरला नसावा.

सहा स्क्रू दिसले म्हणून ५६ गृहीत धरू नका, हेही लेखात होतं. मेक्सिकोत बनलेल्या कितीतरी स्टँडर्ड स्ट्रॅटला स्क्रू सहाच, पण अंतर अरुंद. म्हणून मी मापाचा एवढा धोशा लावला. हजाराचा ब्रिज घ्या, माझी काहीच हरकत नाही. मापाचा हजाराचा ब्रिज मिळत असेल तर मीच आधी घेईन.

ड्रिलला माझा सरसकट विरोध आहे असंही नाही. अमेरिकी पॉटच्या (नॉबखालचा फिरता भाग) मानेला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि बऱ्याच आशियाई पिकगार्डला (बॉडीवरचं पुढचं झाकण) ते सात-आठचं असतं. तिथे खुशाल भोक मोठं करा. पिकगार्ड प्लॅस्टिकचा आहे, बिघडला तर दुसरा मिळतो. फक्त मागवताना लेआउट बघा. १९५९ च्या मध्यापर्यंतचा नमुना आठ स्क्रूंचा, नंतरचा अकरांचा. नॉबसुद्धा आधी पाहून ठेवा, कारण अमेरिकी पॉटच्या दांड्याला २४ दाते असतात आणि आशियाई पॉटला १८. जुना नॉब नव्या दांड्यावर दाबून बसवायला गेलात तर तो चिरतो.

ट्युनरचं थोडक्यात. जुन्या क्लुसन कंपनीच्या पद्धतीच्या चाव्यांना हेडस्टॉकमध्ये (नेकच्या टोकाचा, चाव्या बसतात तो भाग) ८.७ मिलिमीटरच्या आसपास भोक असतं, आजच्या चाव्यांना १०. दहाच्या भोकात जुन्या चाव्या बसवायला मधल्या धातूच्या कड्या मिळतात, त्या ठोकल्या की झालं. उलट करायचं तर हेडस्टॉक कोरावा लागतो. गोतोह ही जपानी कंपनी जुन्या मापातच चांगल्या चाव्या बनवते, मग कोरायचं कशाला?

जाता जाता एक खास आपल्या गावासाठी. मे महिन्यात ४५ अंशांत खोलीत कूलर लावायचा आणि गिटार त्याच्यासमोर स्टँडवर ठेवायची, हा प्रकार मी घरोघरी पाहतो. बाहेर कोरडं ठणठणीत, आत कूलरचा दमट वारा. नेकचं लाकूड तो ओलावा ओढतं, कूलर बंद की सोडतं, आणि नेक वाकते-सरळ होते. तारा फ्रेटवर खरखरल्या की मंडळी ब्रिज बदलायला धावतात. आधी नेक पाहा. जुन्या घडणीत ट्रस रॉडचं (नेकचा वाक काढायचा आतला लोखंडी गज) तोंड बॉडीच्या बाजूला असतं, चार स्क्रू काढून नेक सुटी करावी लागते. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

आता तुमच्या गिटारचं. तारा आणि स्प्रिंगा सैल करा, कडेचे दोन स्क्रू काढा आणि टॉर्च मारून भोकं बघा. दोन भोकं मिळून एकच लांबट खड्डा झाला असेल तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. बिट सरळ उभा धरून तो खड्डा एकाच मोठ्या गोल भोकात साफ करा. त्यात कडक लाकडाचा, बीच किंवा मेपलचा, गोल डॉवेल (खुंटी) लाकडाच्या गोंदाने बसवा, रात्रभर सुकू द्या आणि मग नवं भोक पाडा. आपल्याकडे सुतार पटकन सागाचा तुकडा काढून देतो. तो नको, सागात तेल असतं, गोंद धरत नाही. स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावा, हाताने फिरवा.

आणि ड्रिलच्या आधी जुनी भोकं कुठे होती ते मोजून मला कळवा. पहिल्या जुन्या भोकाच्या डाव्या कडेपासून सहाव्या जुन्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, मध्य शोधत बसावं लागत नाही. मधली चार भोकंही तपासा, तीही सरकलेली असतील. अंतर ५६ च्या जवळ आलं तर सगळी बुजवून जुन्या जागी पुन्हा पाडा आणि त्या मापाचा ब्रिज घ्या. ५२ च्या जवळ आलं तर तुम्ही रुंद ब्रिज अरुंद गिटारवर चढवला आहे, आणि बारीक ई तार पंधराव्या फ्रेटच्या पुढे काठावरून उतरते का, तेवढं ओढून बघा.