ओविट्झचे १४ कोटी डॉलर: ‘अपयशाचं बक्षीस’ नव्हेच

मॅनेजमेंटचे धडे देणाऱ्या पोस्टींमध्ये एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतो आहे. मायकल ओविट्झ, हॉलिवूडचा सर्वांत ताकदवान एजंट (कलाकारांना कामं आणि करार मिळवून देणारा), १९९५ मध्ये डिस्नेचा प्रेसिडेंट झाला, चौदा महिने काहीही न करता बसला आणि अपयशाचं बक्षीस म्हणून १४ कोटी डॉलर घेऊन निघून गेला. न्यायालयानेही सगळ्यांना क्लीन चिट दिली. खाली तात्पर्य: एजंटाने कंपनी चालवायला जाऊ नये.

आकडा साधारण बरोबर आहे. गोष्ट मात्र चुकीची सांगितली जाते, आणि त्यामुळे ज्यांना जाब विचारायला हवा ते या किश्श्यात दिसतच नाहीत.

‘काहीही केलं नाही’ हे आधी घेऊ. ओविट्झ डिस्नेत रुजला नाही, हे खरं. जानेवारी १९९६ मध्ये ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये अधिकाऱ्यांचं शिबिर होतं. तिथे तो सामूहिक कार्यक्रमांपासून लांब राहिला, स्वतःसाठी लिमोझीनच हवी म्हणून अडून बसला, पार्कच्या कर्मचाऱ्यांकडे नको त्या मागण्या केल्या. पण न जमणं वेगळं आणि काम न करणं वेगळं. डिस्नेच्या भागधारकांनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात भरलेल्या खटल्यात ३७ दिवस सुनावणी चालली, २४ साक्षीदार तपासले गेले. त्याने घोर हलगर्जी किंवा गैरवर्तन केलं, असं शेवटी ठरलं नाही. शिवाय त्याचे हात सुरुवातीपासून बांधलेले होते. मुख्य वित्त अधिकारी आणि कायदा विभागाचा प्रमुख आपल्या हाताखाली नसतील, हे त्याला नेमणूक जाहीर व्हायच्या आधीच ऐकवलं गेलं होतं. पैसा आणि कायदा दोन्ही ताब्यात नसलेला क्रमांक दोनचा माणूस कंपनीत कितीसं हलवणार?

आता ‘बक्षीस’. माझा खरा आक्षेप या शब्दाला आहे. ही रक्कम त्याच्या कामाकडे बघून कोणी दिली नव्हती. १९७५ मध्ये पाच एजंटांनी विल्यम मॉरिस ही एजन्सी सोडून सीएए ही स्वतःची एजन्सी काढली, त्यांतला ओविट्झ एक. १९९५ पर्यंत सीएएचं वार्षिक उत्पन्न सुमारे १५ कोटी डॉलरवर गेलं होतं आणि त्यातले दोन कोटींहून जास्त दरवर्षी ओविट्झच्या वाट्याला येत होते. हे सोडून येणारा माणूस नुकसानीची हमी मागणारच. म्हणून पाच वर्षांच्या करारात कलम घातलं गेलं: त्याचा दोष नसताना काढलं, तर उरलेल्या वर्षांचा पगार, दर वर्षाचे ७५ लाख डॉलर बोनस, वर एक कोटी, आणि ३० लाख शेअरचे ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) ताबडतोब त्याचे. रोख रक्कम चार कोटींच्या आतबाहेर होती. बाकीचा सगळा आकडा ऑप्शनचा, म्हणजे डिस्नेच्या शेअरचा भाव वाढल्यामुळे फुगलेला.

मग हे कलम मान्य कोणी केलं? एप्रिल १९९४ मध्ये डिस्नेचा प्रेसिडेंट फ्रँक वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याच उन्हाळ्यात डिस्नेचा सर्वोच्च प्रमुख मायकल आयस्नरची बायपास झाली. आयस्नरला तातडीने माणूस हवा होता आणि ओविट्झ त्याचा पंचवीस वर्षांचा मित्र. १४ ऑगस्ट १९९५ ला नेमणूक जाहीर झाली. मानधन समितीची मंजुरी मिळाली २६ सप्टेंबरला, साधारण तासाभराच्या बैठकीत, आणि त्या तासातही इतर विषय होते. जगभर जाहीर झालेल्या नेमणुकीला सहा आठवड्यांनी कोण नाही म्हणणार? चौदा कोटींची वाट त्या तासात मोकळी झाली. डिसेंबर १९९६ मध्ये फक्त देणं चुकतं केलं गेलं. ते नाकारायला करारात जागाच उरली नव्हती.

‘क्लीन चिट’ म्हणणाऱ्यांनी निकाल वाचलेला दिसत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये खटला चालवणारे न्यायाधीश, चॅन्सेलर विल्यम चँडलर यांनी संचालकांना नुकसानभरपाईच्या जबाबदारीतून मोकळं केलं, २००६ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. पण आयस्नर स्वतःच्या जादूच्या राज्याचा कधीही न चुकणारा सम्राट होऊन बसला होता, असं चँडलर यांनीच लिहिलं. कोणत्या परिस्थितीत किती द्यावे लागतील याचा तक्ता समितीच्या सगळ्या सदस्यांसमोर असायला हवा होता, असं वरच्या न्यायालयाने म्हटलं. कायद्याने शिक्षा झाली नाही म्हणजे कारभार चांगला होता असं नाही. दोन्ही न्यायालयांनी हा फरक स्पष्ट ठेवला आहे. भागधारकांना मात्र एक पैसा परत मिळाला नाही, याची चीड यायलाच हवी.

राहिलं तात्पर्य. एजंटाला कंपनी चालवता येत नाही म्हणणाऱ्यांना ल्यू वॉसरमन आठवत नाही का? एजंट म्हणून वाढलेल्या या माणसाने एमसीए ही एजन्सी युनिव्हर्सल स्टुडिओची मालक केली. १९६२ मध्ये सरकारच्या दबावामुळे एजन्सीचा धंदा सोडावा लागला, तरी स्टुडिओवर त्याची पकड पुढे कित्येक दशकं राहिली. आणि १९९५ मध्ये याच एमसीएच्या प्रमुखपदासाठी आधी बोलणी झाली ती ओविट्झशीच. ती फिसकटली आणि खुर्ची मिळाली रॉन मेयरला, सीएएच्या त्या पाच संस्थापकांपैकीच एकाला. मेयर २०१३ पर्यंत युनिव्हर्सलचा प्रमुख राहिला. सीग्रॅम, विवेंडी, जनरल इलेक्ट्रिक, कॉमकास्ट असे मालक बदलत गेले, आणि प्रत्येकाने त्यालाच ठेवून घेतलं.