सक्तीची फौज नको, तयार गल्ली हवी

2025 च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, आमच्या कोल्हापूरकडच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर एकच मागणी फिरत होती : प्रत्येक पोराला दोन वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा. इस्रायलमध्ये आहे, फिनलंडमध्ये आहे, मग आपल्याकडे का नाही? मी फिनलंडमध्ये राहतो, त्यामुळं मला थेट साकडं घातलं गेलं. "भावा, तू तिथं बघतोयस, सांग की ह्यांना." तेव्हापासून ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते आणि दर वेळी फिनलंडचं नाव पुढं केलं जातं. म्हणून जे बघतोय ते जरा सविस्तर लिहितो.

मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत असतो. डिसेंबरात इथं दुपारी सव्वातीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या दिवसांत मेट्रोत, बर्फ तुडवत चालताना, रात्री भांडी घासताना माझ्या कानात ऑडिओबुक चालू असतं. कथा-कादंबऱ्यांत मन रमत नाही. ऐकतो ती दोन प्रकारची पुस्तकं. एक, स्वावलंबी जगण्याची : अर्ध्या एकरात घरापुरता भाजीपाला कसा काढायचा, बटाटे तळघरात वसंतापर्यंत कसे टिकवायचे, वीज नसताना घर कसं ऊबदार ठेवायचं. दुसरी, फौजेत राहून आलेल्यांच्या आठवणी आणि सक्तीच्या सेवेचा इतिहास. वाचनालयाच्या कार्डावर ती फुकट मिळतात आणि मी त्यांतून पुष्कळ शिकलोय.

पण ऐकता ऐकता एक गोष्ट मला सतत खटकते. ही पुस्तकं एकट्या माणसाशी बोलतात. आवाज थेट कानात, मध्ये कुणी नाही, उलट प्रश्न विचारायची सोय नाही. स्वावलंबनाच्या पुस्तकात शेजारी क्वचितच येतो, आणि आला तर तुमच्या साठ्यावर डोळा ठेवणारा म्हणून. फौजेच्या पुस्तकांत बहुतेक वेळा अधिकारी बोलतो. शिपाई, स्वयंपाकी, ड्रायव्हर त्याच्या वाक्यांतून येऊन-जाऊन असतात. सलग आठवडाभर असं ऐकलं की वाटायला लागतं, देश टिकतो तो एका कणखर माणसावर आणि त्याच्या भरलेल्या कोठारावर. मी ज्या देशात बसून हे ऐकतो, त्याचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला कारेलियाचा मुलूख सोव्हिएत रशियाला द्यावा लागला. तिथली चार लाखांवर माणसं उरलेल्या देशात आली. तेव्हा साऱ्या देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत होती. 1945 मध्ये जमीन संपादनाचा कायदा झाला. सरकारची, गावांची, चर्चची, कंपन्यांची आणि खासगी मालकांची जमीन घेऊन ती या विस्थापितांना, आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना, युद्धात नवरा गमावलेल्या बायकांना दिली गेली. ठरावीक नकाशाची दीड मजली लाकडी घरं उभी राहिली. खाली तळघर, मागं बटाट्याची जागा. एस्पोत, हेलसिंकीच्या जुन्या वस्त्यांत ती आजही दिसतात आणि लोक त्यांना आघाडीच्या शिपायाचं घर म्हणूनच ओळखतात. आपल्याकडं भांगलणीला, ऊस लागणीला पैरा करतात, तसे शेजारी एकमेकांच्या छपरावर चढून ती घरं पुरी करायचे. सैनिकाचं घर आणि घरामागचा बटाटा या दोन्हींचा पाया दुसऱ्यानं सोडलेली जमीन आणि शेजाऱ्याचे हात हाच होता.

आजचंही तेच आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात एक जाड पोलादी दार आहे. आत सायकली, स्की, कुणाची तरी जुनी बाबागाडी, आणि भिंतीला हवा गाळायचं यंत्र. वीज गेली तर हातानं फिरवता येईल असं त्याला हँडल आहे. हा बॉम्बपासूनचा निवारा. ठरलेल्या आकाराहून मोठी इमारत बांधायची तर तो बांधावाच लागतो. त्याची देखभाल सोसायटीकडं असते, आणि आदेश आला की 72 तासांत सायकली बाहेर काढून तो वापरायला तयार करायचा असतो. देशभर असे सुमारे 50,500 निवारे आहेत, 56 लाखांच्या देशात 48 लाख माणसं मावतील एवढे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला भोंगे वाजवून बघतात. घरोघरी सांगितलेलं असतं की तीन दिवस पुरेल एवढं अन्न, पाणी, औषधं, बॅटरी आणि सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. ज्यांना जमतं त्यांनी तीन दिवस आपापलं भागवलं, तर यंत्रणा आधी म्हाताऱ्या-आजारी माणसांपर्यंत पोहोचू शकते. घरातला तांदळाचा डबा इथं शेजारच्या आजीसाठी भरून ठेवायचा असतो. माझ्या कानातल्या पुस्तकांनी हे मला कधी सांगितलं नाही.

आता सक्तीच्या सेवेचं. पुरुषांना 165, 255 किंवा 347 दिवसांची सेवा. बायकांना 1995 पासून ऐच्छिक. बंदूक नको असेल तर 347 दिवसांची नागरी सेवा करता येते. भत्ता चहापाण्यापुरता, पेन्शनचा प्रश्नच नाही. या सेवेकडं नोकरी म्हणून कुणी बघत नाही. सेवेला गेलेल्याची आधीची नोकरी कायद्यानं राखलेली असते. घरी आल्यावर तो राखीव दलात राहतो आणि मधूनमधून सरावाला बोलावणं येतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी असाच आठवडाभर जाऊन आला. त्याच्या तंबूत एक बसड्रायव्हर होता आणि एक दाताचा डॉक्टर. या सक्तीचं सगळं बळ त्या तंबूत आहे.

आणि आमच्याकडं? मराठा लाइट इन्फंट्रीची मुळं 1768 पर्यंत जातात, तिचं केंद्र बेळगावात, आमच्या दारात. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं तर नावच सगळं सांगतं. पहाटे पाचला आमच्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची पोरं धावताना दिसतात. अंगात बनियन, पायांत झिजलेले बूट, आणि मागं मोटरसायकलवर मोबाइलमधलं स्टॉपवॉच धरलेला दोस्त. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर 60 गुण, दहा पुलअप्स काढल्या तर 40. उसाचं बिल आलं की बाप अकॅडमीची फी भरतो. या पोरांवर सक्ती करायची कशाला? ती दारात रांग लावूनच उभी आहेत, दार अरुंद आहे.

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा आमच्या घरातही वाद पेटला होता. चार वर्षं सेवा, त्यानंतर चारातला एकच कायम, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी आणि पेन्शन नाही. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा फोनवर म्हणाले, "लेका, जवान तयार व्हायलाच चार वर्सं लागत्यात. तयार झाला की घरला धाडायचा, ह्यो कुठला हिशोब?" त्याच फोनवर भाचा मागून ओरडला, "चार वर्सं तरी मिळत्यात की आजोबा! न्हाईतर हायच गोकुळ शिरगावची एमआयडीसी." मला दोघांचंही पटतं. सैन्याच्या दृष्टीनं मामांचा सवाल रास्त आहे, घराच्या दृष्टीनं भाच्याचा. ज्याला फिनलंडमध्ये सेवा म्हणतात, ती आमच्या शिरोळात पोटापाण्याची वाट आहे. ही एक गोष्ट विसरून तुलना केली की सगळीच चर्चा वाऱ्यावर जाते.

सक्तीला घटनेचा अडसर नाही, हेही सांगून टाकतो. कलम 23 च्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा राज्याला दिलेली आहे, मात्र धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव न करता. अडसर आहे तो हिशेबाचा. फिनलंडमध्ये वर्षाला वीस हजारांच्या आसपास तरुण ही सेवा पुरी करतात. भारतात दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे मुलगेच एक कोटीच्या पुढं जातात आणि आपलं भूदल सगळं मिळून बारा-तेरा लाखांचं. एवढ्या पोरांना कुठल्या बराकीत ठेवणार, कोण शिकवणार? मग निवड आली, सुटका आली, आणि सुटका म्हटली की वशिला आला. डॉक्टरचा मुलगा सुटेल, ऊसतोड कामगाराचा जाईल. घटनेतली ती 'वर्ग' या शब्दाची अट पहिल्याच भरतीत मोडेल. मागणी करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं पुण्यात, बंगळुरात किंवा माझ्यासारखी परदेशात आहेत. त्यांनी आपल्या पोराचं नाव आधी लिहून मग बोलावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग फिनलंडकडून घ्यायचं काय? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ऑगस्ट 2019 आठवा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या आठवड्यात ती 55 फुटांच्या वर गेली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कोल्हापूरकर जगात कुठंही असला तरी त्याची झोप उडते. एका दरवाजातून 1428 क्युसेक, हा आकडा आम्हाला पाठ असतो. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. उपसा केंद्रं बुडाल्यानं चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. दुधाचा हा जिल्हा, गोकुळ आणि वारणाचा, पण संकलनच विस्कटलं. ज्या मातीत ऊस, दूध, भाजी सगळं पिकतं, तिथं चार दिवसांत टंचाई झाली. पिकवणं आणि तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आठवड्यानं दाखवलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी गावातलीच बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्या बोटीतल्या बायका-पोरांची आठवण आली की आजही घास उतरत नाही. लाइफ जॅकेट, बोटीत किती माणसं घ्यायची याची शिस्त, आणि ती शिस्त मोडू न देणारा एक शिकलेला माणूस, एवढंच हवं होतं.

सैन्य, नौदल, एनडीआरएफ आले आणि त्यांनी जिवाची बाजी लावली. पण ते पोहोचेपर्यंत कोण होतं? पेठांतल्या तालमी, तरुण मंडळं, व्हाईट आर्मी या बचाव संस्थेचे कार्यकर्ते, गावची पट्टीची पोहणारी पोरं. ट्रॅक्टर त्यांचे, दोर त्यांचे, पिठलं-भाकरीची पाकिटं त्यांच्याच आया-बहिणींनी बांधलेली. फिनलंड जे कायद्यानं आणि शिस्तीनं उभं करतं, त्याचा कच्चा माल आमच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या पडून आहे. राजर्षी शाहूंनी तालमींना बळ दिलं, खासबागेचं मैदान बांधलं, राधानगरीचं धरण सुरू केलं. शरीर कमावणं, पाणी साठवणं आणि रयतेनं आपल्या पायावर उभं राहणं हे त्यांच्या लेखी एकाच कारभाराचे भाग होते. आपण ते वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं.

माझं म्हणणं असं. 2026 सरताना अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं भरत येतील. पंचविशीच्या आतबाहेरची, शिस्तीत तयार झालेली, प्रथमोपचार आणि बिनतारी संदेश जाणणारी ही पोरं आपल्याच गावांत परत येणार. त्यांना बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभं करण्याआधी प्रत्येक पूरग्रस्त गावात मानधनावर आपत्ती प्रशिक्षक नेमा. स्वयंसेवकांना आपत्तीत मदतीचं शिक्षण देणारी केंद्राची आपदा मित्र योजना आहे, तिच्यात त्यांना आधी घ्या. ज्याला वर्दीची ओढ आहे पण पूर्णवेळ जाता येत नाही, त्याच्यासाठी प्रादेशिक सेना आहे; कोल्हापुरातच मराठा लाइट इन्फंट्रीची 109 टीए बटालियन आहे आणि ती काय करते हे आपल्या कॉलेजातल्या पोरांना धड ठाऊकही नसतं. मंडळांना वर्गणीतून एक साउंड सिस्टीम कमी आणि दहा लाइफ जॅकेट जास्त घेता येतील. गल्लीत एकटं कोण राहतं, डायलिसिसला कोण जातं, बाळंतपण कुणाच्या घरी आहे याची यादी मे महिन्यातच तयार हवी. आणि ज्याच्या घरी परवडतं त्यानं तीन दिवसांचं पाणी, पीठ, औषधं भरून ठेवावीत. हातावर पोट असलेल्याला हे जमणार नाही. त्याचे तीन दिवस मंडळानं आणि ग्रामपंचायतीनं धरायचे.

राहता राहिली ऑडिओबुकं. मराठीत ऐकायला आता बरंच मिळतं, पण माझ्या या दोन विषयांवर हाती लागतं ते थोडं, आणि त्यातही आपल्या बोलीतला, शिपायाच्या हुद्द्यावरून बोलणारा आवाज मला सापडलेला नाही. सैनिक टाकळीत, आमच्या गावात, गडहिंग्लज-चंदगडकडं निवृत्त हवालदार-सुभेदार बसून आहेत. सियाचेनमध्ये रॉकेल कसं पुरवून वापरलं, तंबू फाटला तर काय केलं, रजेवर आल्यावर शेत कसं सांभाळलं, हे सगळं त्यांच्याकडं आहे. 2019 ला बोट चालवणारी पोरंही आहेत. मी मामांना दर रविवारी फोनवर बोलतं करतो आणि रेकॉर्ड करून ठेवतो. आधी ते लाजायचे, आता स्वतःच विषय काढून ठेवतात. कॉलेजातल्या कुणी मुला-मुलींनी मोबाइल घेऊन आपापल्या गावात हेच सुरू केलं, तर संपादनाचं आणि आवाज स्वच्छ करण्याचं काम मी इथून करायला तयार आहे. पहिला विषय मामांनीच सुचवलाय : पुराच्या पाण्यात दोर कुठं बांधायचा आणि कुठं नाही.