तीन दिवसांत छापलेले इंजिन आणि उद्यमबागेतील फाउंड्री

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातील कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा : रॉकेटचे इंजिन आता थ्रीडी प्रिंटरमधून (धातूची पावडर लेसरने थरावर थर वितळवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रातून) तीन दिवसांत एकसंध निघते, त्यामुळे ओतकाम, लेथ आणि वेल्डिंग यांचे दिवस संपले, बेळगावच्या फाउंड्र्यांना लवकरच कुलूप लागेल, म्हणून आयटीआयच्या मुलांनी यंत्रकाम शिकण्यात वर्षे घालवू नयेत. यातला छपाईचा भाग खरा असल्यामुळे पुढचे सगळेच लोकांना खरे वाटू लागले आहे.

खरे काय, ते आधी मान्य करू. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने एकसंध छापलेल्या इंजिनावर ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उड्डाण केले. त्याच महिन्यात इस्रोने पीएसएलव्ही या आपल्या रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवले. त्यात चौदा भागांचा एक भाग झाला, एकोणीस वेल्ड गेले आणि ५६५ किलो फोर्जिंग (ठोकून घडवलेला धातू) व पत्र्याऐवजी १३.७ किलो पावडर पुरली.

पण इस्रोनेच दिलेला आणखी एक आकडा या मजकुरात नाही : उत्पादनाचा एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. म्हणजे ४० टक्के वेळ उरलाच, आणि तो का उरतो हे समजले की 'तीन दिवसांत इंजिन' या दाव्यातली हवा निघून जाते. तीन दिवस हा केवळ छपाईचा काळ आहे. प्रिंटरमधून निघालेला जॉब, म्हणजे तयार होत असलेला भाग, ज्या धातूच्या प्लेटवर छापला तिला चिकटलेला असतो. धातूत साचलेला ताण काढण्यासाठी त्याला भट्टीत घालावे लागते आणि मग प्लेटपासून कापून वेगळे करावे लागते. इंजिनाच्या भिंतीत इंधन फिरवून ती थंड ठेवणारे बारीक मार्ग असतात, आणि त्या मार्गांत न वितळलेली पावडर अडकून राहते. ती चिमूटभर जरी उरली तरी तेवढ्या जागी इंधन पोहोचत नाही. आत सुमारे तीन हजार अंशांची ज्वाला आणि भिंतीचा धातू मात्र तेराशे अंशांच्या आसपास वितळणारा, तेव्हा पुढे काय होईल हे कोणत्याही फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. त्यानंतर सीटी स्कॅन, दाबाची चाचणी आणि प्रत्यक्ष इंजिन पेटवून चाचणी. अग्निकुलची स्थापना २०१७ ची, उड्डाण २०२४ चे, आणि त्याआधीचे चार प्रयत्न थांबवावे लागले होते. छपाई झटपट होते म्हणून ही वर्षे वाचली नाहीत.

'ओतकाम संपले' हे विधान तर मुळातच चुकीच्या पत्त्यावर आले आहे. इस्रोच्या उदाहरणात गेले ते फोर्जिंग, पत्रा आणि वेल्ड. उद्यमबागेत ओतले जाते ते मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न हे बिडाचे प्रकार : पंपांची बॉडी, व्हॉल्व्ह, वाहनांचे भाग. रॉकेटच्या ज्वलनकक्षात बिडाला कधी जागाच नव्हती, मग ती जाणार कशी?

शिवाय नगांचा हिशेब पाहा. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यात अशी दोन इंजिने लागतात. वर्षाला दहा उड्डाणे धरली तरी वीस नग झाले. आमच्याकडे वीस नगांच्या ऑर्डरला सॅम्पल म्हणतात. महागडी पावडर आणि दिवसभर चालणारा लेसर वीस नगांना परवडतो, कारण तिथे वेल्ड वाचवण्याचे मोल मोठे असते. किलोवर विकल्या जाणाऱ्या हजारो पंप-बॉडींना तो परवडणार नाही.

रॉकेटमध्येही सगळेच छापणे टिकले नाही. अमेरिकेतील रिलेटिव्हिटी कंपनीचे टेरान-१ हे रॉकेट वजनाने सुमारे ८५ टक्के छापलेले होते. मार्च २०२३ मधील एकाच उड्डाणानंतर, ज्यात ते कक्षेत पोहोचले नाही, कंपनीने ते बाजूला ठेवले आणि पुढच्या रॉकेटच्या सरळ नळकांड्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याकडे वळली.

राहिला मुलांना दिलेला सल्ला. छापलेल्या इंजिनाचे फ्लँज (जोडाच्या कडा), आटे आणि सील बसण्याच्या जागा यांवर मशिनिंग करावेच लागते, आणि हे काम नेहमीच्या जॉबपेक्षा अवघड असते. कारण छापलेल्या जॉबचा पृष्ठभाग खरबरीत असतो, उष्णतेने तो किंचित वाकलेला असतो आणि पकडायला सरळ बाजू सापडत नाही. तिथे आधी झिरो, म्हणजे मापे जिथून घ्यायची तो बिंदू, कुठे धरायचा हे ठरवावे लागते, आणि ते प्रिंटर ठरवत नाही. सेटिंग करणारा माणूस ठरवतो.