दिल्ली दरवाजा दिसतो, ओल दिसत नाही

वॉचमनने वहीत माझ्या नावापुढे, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात, 'भिंत ठोकणे' असं लिहिलं. वरच्या ओळीत गॅस सिलिंडरवाला होता. त्याच्यापुढे 'सेवा'. जुना फ्लॅट घेण्याआधी तो तपासून देणं हा माझा धंदा आहे, त्याला पदवी लागते, आणि हातोडी हे त्यातलं सगळ्यात स्वस्त हत्यार. पण वही वॉचमनची, पेनही त्याचंच.

इमारत 1983 ची, चार मजली, बिनलिफ्टची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घेणारं जोडपं तरुण, विकणारे परगावी. मधे एजंट.

आता या एजंटाविषयी. त्याला मी घर विचारत होतो आणि तो मला शहर दाखवत होता.

न्हाणीघराच्या बाहेरच्या अंगाला, फरशीपासून दोन फुटांपर्यंत रंग फुगला होता, खाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. म्हटलं, "इथं ओल आहे."

"सर, जरा गॅलरीत या. दिल्ली दरवाजा."

पुण्यातल्या शनिवारवाड्याचा तो मुख्य दरवाजा दिसत होता खरा. मी परत आत आलो. तिसऱ्या मजल्यावर जमिनीतली ओल चढून येत नाही. तेव्हा पाणी न्हाणीघराच्या संकमधलं, म्हणजे फरशीखाली विटांचे तुकडे भरलेला जो खड्डा असतो त्यातलं. वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी तिथं साठतं आणि वाट मिळेल तिकडे झिरपतं.

"हा रंग कधी दिला?"

"मागच्याच आठवड्यात. लाल महाल चालत चार मिनिटं."

चार खोल्यांपैकी एकाच खोलीची एकच भिंत रंगवली असेल तर समजून जावं की रंग घराला नाही, गिऱ्हाइकाला दिलाय. राहता राहिला लाल महाल. आत्ताची वास्तू महापालिकेने बांधली, 1988 ला पूर्ण झाली. म्हणजे हा फ्लॅट त्या ऐतिहासिक वास्तूपेक्षा पाच वर्षांनी जुना. हे मी बोलून दाखवलं आणि पस्तावलो, कारण पुढच्या पाच मिनिटांत किंमत सांगताना त्याने 'हेरिटेज' हा शब्द दोनदा वापरला.

हॉलच्या छताला बीमच्या कडेने सरळ रेषेत तडा होता, त्यावर तपकिरी डाग. सगळे तडे सारखे नसतात. कॉलम आणि विटांची भिंत जिथं भेटतात तिथली उभी केसासारखी रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी. दोन वेगळे माल वेगवेगळे आकसतात आणि गिलाव्याखाली जाळी मारलेली नसते, एवढंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा रुंदावतोय का, ते बघायचं. पण सळईला समांतर जाणारा, गंजाच्या डागाचा तडा वाईट. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, ती जागा काँक्रीटचं कव्हर फोडूनच मिळते. हातोडीने हलकं ठोकलं तर चांगला भाग टणटणीत बोलतो, सुटलेला बद्द. इथं चार फूट बीम बद्द बोलला.

"थोडं काँक्रीट उकरून फिनॉल्फ्थॅलीन मारू का?" मी विचारलं. "काँक्रीट शाबूत असेल तर गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने क्षारता खाल्ली असेल तर रंगच येत नाही. मग सळईला गंजापासून वाचवायला काही उरत नाही."

"गुलाबी नको सर," तो कळवळून म्हणाला, "आत्ताच आयव्हरी दिलाय."

आमच्या न्हाणीघराच्या छतालाही डाग होता, म्हणून चौथ्या मजल्यावर गेलो. याची चाचणी साधी: वरच्या न्हाणीघराचा ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं भोक, बोळ्याने बंद करायचा, दोन इंच पाणी भरायचं, 24 तास ठेवायचं, खालचं छत बघायचं. वरच्या आजी दार अर्धं उघडून म्हणाल्या, "आमच्याकडे काही गळत नाही." वरच्यांकडे कधीच गळत नाही. गळतं ते खाली. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने आणि घरातल्या संडास-मोरीची ज्याची त्याच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते, हे सांगेपर्यंत दार लागलं होतं.

तेच उपविधी सांगतात की 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. सेक्रेटरींना विचारलं.

"झालंय की!"

"अहवाल?"

"तेव्हाच्या सेक्रेटरींकडे असेल. ते मुलाकडे गेले, टेक्सासला."

आणि हे सगळं मार्चमध्ये. जुना फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये बघावा, पण एजंटांच्या जगात घरं विकायचा मोसम आंब्याबरोबर सुरू होतो. पावसाळ्यापर्यंत थांबणं जमत नसेल तर निदान दीड फूट चौरस अॅल्युमिनियम फॉइल भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावी. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. खर्च नाममात्र. कोणी करत नाही.

खरी गोम मात्र गॅलरीतून दिसणाऱ्या त्या दरवाज्यातच होती. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 ची, 1828 च्या आगीत आतला वाडा गेला. तट, दरवाजे आणि जोती उरली, त्यांना केंद्राचं संरक्षण आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने आणि उंचीच्या अटी सांभाळून. हे अंतर 1992 च्या अधिसूचनेने ठरलं आणि 2010 मध्ये कायद्यात पक्कं झालं. आपली इमारत त्याआधीची, म्हणून उभी राहू शकली. फोनवर नकाशा काढून मोजलं: 90 मीटर. परवानगी काढून दुरुस्ती करता येईल, पण पाडून नवी इमारत बांधता येणार नाही. इतर पेठांत चाळीस वर्षांच्या इमारतीचा भाव बिल्डर येणार या आशेवर चढतो. इथं तो येणारच नाही. म्हणजे तो बद्द बोलणारा बीम याच जोडप्याने जन्मभर सांभाळायचा.

स्मारकं जपावीत, याबद्दल दुमत नाही. पण भोवतालच्या पडक्या वाड्यांत टेकू लावून राहणाऱ्यांना त्या वर्तुळातून सुटायची वाट कोणी दाखवत नाही, आणि माझ्यासारख्याने 'टेकू लावा' एवढंच लिहून फी घ्यायची, याची चीड येते.

बीम, संक, ऑडिट आणि 90 मीटर, सगळं अहवालात लिहून दिलं. जोडप्याने टोकन दिलं नाही. एजंटाने अहवाल मागून घेतला आणि नीट वाचला, असं दिसतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर त्याच फ्लॅटची नवी जाहिरात होती: 'दिल्ली दरवाजा व्ह्यू. शांत सोसायटी. रिडेव्हलपमेंटची कटकट कायमची नाही.'