परका बदाम, कोकणी हवा

दारात काजू असताना कोकणात बदामाची चिक्की करायला घेणं म्हणजे शेजाऱ्यांना आपण होऊन विषय पुरवणं. "बदाम कशाला विकत आणता, आमच्या आवारात झाड आहे की!" असं म्हणणारा एक जण भेटतोच. तो देशी बदाम. दगडाने फोडायला बसलात तर मूठभर गर निघेपर्यंत संध्याकाळ होते आणि अंगठाही शाबूत राहत नाही. मुकाट्याने वाण्याकडचा कॅलिफोर्नियाचा आणावा.

पाव किलो बदाम, 200 ग्रॅम साखर, 50 मिली पाणी, चमचाभर तूप, लिंबाचे चार थेंब, पाऊण चमचा सुंठ, थोडी वेलचीपूड, चिमूटभर खायचा सोडा. खरा वैरी या यादीत नाही. ती हवा! कडक पाकाची साखर हवेतलं पाणी ओढून घेते. जुलैत रत्नागिरीला पापडसुद्धा ताटात येईपर्यंत मऊ पडतो, तिथे चिक्कीची काय कथा? हा उद्योग डिसेंबर ते मार्चमधलाच. गूळ घातला तर ओल आणखी लवकर धरते, म्हणून मी साखरेच्या बाजूने.

बदाम मंद आचेवर आतून फिकट तपकिरी होईतो भाजा आणि गरमच ठेवा. गार बदाम पडले की पाक जागीच आखडतो.

पाण्यात साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि उकळी फुटली की उलथनं खाली ठेवायचं. नेमकं हेच आपल्याला जमत नाही. ढवळताना कडेचा एखादा कण आत पडला की अख्खा पाक साखरतो आणि कढईत रेती उरते. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, त्यामुळे कणी धरत नाही. पण अख्खं लिंबू पिळलंत तर चिक्की संध्याकाळी बोटांना चिकटेल. काहींची कोकणी अस्मिता इथे जागी होते आणि ते कोकमाचं आगळ ओततात. आगळात आंबट, पाणी आणि मीठ तिन्ही असतं. तशी चिक्की चमच्याने खावी.

पाक सुमारे 150 अंशांवर हवा. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाका. दबला तर तो लाडवाचा पाक, दाताला चिकटला तर अजून थांबा, कट्कन मोडला की गॅस बंद. फोन याच क्षणी वाजतो. वाजू द्यावा, कारण इथून कडवट जळक्या पाकापर्यंत फार वेळ लागत नाही. बोटाने मात्र चाखू नका. हा पाक कातडीला धरला की सोडत नाही.

आता तूप, सुंठ, वेलची. आधी घातली तर वास घरभर जातो आणि चिक्कीत काही उरत नाही. ओलं आलं नको, पाक उडतो. शेवटी सोडा: पाक फेसाळतो आणि त्या बुडबुड्यांनीच चिक्की खुसखुशीत होते. लगेच बदाम मिसळून तूप लावलेल्या पोळपाटावर लाटा आणि गरम असतानाच कापा. दोन मिनिटं उशीर झाला तर कोयता शोधावा लागतो.

वड्या पुरत्या निवल्या की त्याच मिनिटाला घट्ट झाकणाच्या बरणीत. गरम भरल्यात तर झाकणाला वाफ धरते, रेंगाळलात तर समुद्र आत येतो. कढई खरवडत बसू नका. पाणी घालून उकळा, पाक आपोआप सुटतो. त्या पाण्याचा चहा करू या म्हणणारं घरात कुणीतरी असतंच, त्याला आधी बाहेर पाठवा.